नवी जोडी प्रेक्षकांना पटत नाहीये? पटकथेत कुठे बघायचं

डेली सोप लिहिणाऱ्यांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. नायक-नायिका भेटले, भांडले, जवळ आले, टायटल साँगचं संथ व्हर्जन वाजलं, हळदसुद्धा लागली. तरी घरोघरी रात्रीचं जेवण वाढता वाढता मालिका बघणाऱ्या बायका विचारतात, "यांचं जमलं कधी?" गुरुवारी टीआरपी येतो आणि आकडा जागचा हललेला नसतो. चॅनेलकडून निरोप येतो की रोमान्स वाढवा. मग पावसाचा एक सीन वाढतो, ती आणखी एकदा पाय घसरून पडते, तो आणखी एकदा तिला सावरतो. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

नाशिकमध्ये एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धा करता करता मालिकालेखनाकडे वळलेली बरीच मंडळी आहेत. त्यांची पानं माझ्याकडे वाचायला येतात. मी स्वतः संवाद लिहिते, आणि नवा ट्रॅक, म्हणजे गोष्टीचा नवा धागा, हातात आला की माझीही पहिली शंका याच जागी अडते. म्हणून हा बिघाड ओळखायचा कसा आणि सेट, कलाकार, बजेट यांतलं काहीही न बदलता तो कागदावर दुरुस्त करायचा कसा, हे एकदा नीट लिहून ठेवते.

माझं ठाम मत असं: जोडीचं प्रेम त्यांच्या एकत्र सीनमध्ये सिद्ध होत नाही. ते दोघांच्या एकेकट्या सीनमध्ये सिद्ध होतं. एकत्र सीनमध्ये कॅमेरा, गाणं, कपडे, प्रकाश सगळे मिळून प्रेमाची ग्वाही देत असतात, आणि प्रेक्षक इतकी वर्षं मालिका बघतोय की या ग्वाहीवर त्याचा आता विश्वास राहिलेला नाही. दुसरं माणूस समोर नसतानाही याच्या वागण्यात फरक पडला, हे दिसलं की मात्र तो मानतो.

दुसऱ्याला सीनमधून काढून बघा

गेल्या काही आठवड्यांच्या वन-लाइन, म्हणजे एका सीनला एक ओळ अशा याद्या, समोर घ्या. दोघं एकत्र असलेले सगळे सीन बाजूला काढा. आता उरलेल्या सीनमध्ये शोधा: ती आयुष्यात आली नसती तर नायकाने वेगळा घेतला असता, असा एखादा तरी निर्णय त्याने घेतलाय का? लहानसाही चालेल. आणि तिने?

बहुतेक ट्रॅकमध्ये असा एकही निर्णय सापडत नाही. एकेकटे असताना दोघं आपापल्या घरातल्या कटकारस्थानांत अडकलेले असतात आणि प्रेमाची आठवण फक्त मैत्रिणीला होते: "अगं, तू त्याच्या प्रेमात पडलीयेस!" हे वाक्य दिसलं की आधी कापा आणि सीन पुन्हा वाचा. ते कापल्यावर प्रेक्षकाला काहीच कळत नसेल, तर कळण्यासारखं तिथे काही लिहिलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेते, कारण इथल्या माणसांचे दिवस कसे जातात हे आपल्याला माहीत आहे. समजा, नायक अजिंक्य हा दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. नायिका मीनल सिडकोत राहणारी, पिंपळगावच्या बाजूला निर्यातीची द्राक्षं पॅक करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम करणारी. नेहमीच्या पद्धतीने पहिली भेट लिहिली तर क्रेट सांडतील, ती घसरेल, तो सावरेल, नजरानजर होईल, फ्रीज.

त्याऐवजी ती त्याच्या प्लॉटवर माल बघायला येते. चार घडांचे मणी घेऊन रस रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजायच्या उपकरणावर, टाकते आणि सांगते, "शुगर आलेली नाही. आठ दिवस थांबा." त्याचे मजूर ठरलेले आहेत, अवकाळीचा अंदाज आहे, वडिलांनी उधारी फेडायचा शब्द दिलेला आहे. तो चिडतो. ती आकडा पुन्हा दाखवते आणि निघून जाते. इथे प्रेम नाही, आणि असूही नये.

पुढचा सीन तिच्याशिवाय. ओट्यावर व्यापारी बसलाय, रोख पैसे देतो म्हणतोय, माल आजच काढा. अजिंक्यचे वडील, नाना, तयार आहेत. अजिंक्य म्हणतो, "नाही नाना, आठ दिवस थांबू. गोडी येऊ द्या." नाना त्याच्याकडे बघत राहतात. पुढे कुणी काही बोलत नाही.

मग सिडकोतलं घर, रात्र. गॅलरीच्या पत्र्यावर थेंब वाजायला लागतात. मीनल अंथरुणातून उठून गॅलरीत जाते. आई झोपेतून म्हणते, "कपडे आणलेत गं मी आत." तयार द्राक्षावर पाऊस पडला की मणी तडकतात, हे मीनलला माहीत आहे. आईला वाटतं ती कपड्यांसाठी उठली. प्रेक्षकाला कळतं ती कशासाठी उठली.

या दोन सीनना एक ओटा, एक गॅलरी आणि पावसाचा आवाज एवढंच लागतं. आउटडोअर नाही, गाणं नाही, आणि दोन्ही कलाकारांच्या तारखा एकाच दिवशी मिळायचीही गरज नाही. मालिकेच्या धबडग्यात हा फायदा फार मोठा आहे. एका कलाकाराची तारीख नाही म्हणून प्रेमाचा ट्रॅक खोळंबला असं ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण नातं भक्कम करायला तोच आठवडा सगळ्यांत सोयीचा असतो.

नाव बदलून बघा

ही तपासणी झटपट होते. दोघांच्या सर्वांत महत्त्वाच्या सीनमध्ये नायिकेच्या जागी मालिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही मुलीचं नाव घाला. संवाद जसेच्या तसे चालत असतील, तर तो सीन या दोघांचा नाही. "तू खूप वेगळी आहेस" हे वाक्य कुठल्याही मुलीला म्हणता येतं. "त्या दिवशी तू आकडा दोनदा दाखवलास" हे फक्त मीनलला म्हणता येतं.

हेच नायकाच्या बाबतीत करा. आपल्याकडे नायिकेला निदान नोकरी, आजारी आई, धाकटा भाऊ असं काहीतरी दिलेलं असतं. नायक मात्र पुष्कळदा नुसता "बिझनेसमन" असतो. कसला बिझनेस, हे सहाशे एपिसोडनंतरही कळत नाही. ज्या माणसाचं काम आपल्याला माहीत नाही, त्याने कामातून वेळ काढून तिच्यासाठी येण्याला काही किंमत राहत नाही.

भेटायला कारण हवं

दोघांना एकत्र आणायचं काम खलनायिकेकडे किंवा आजीकडे दिलेलं असतं. खलनायिका त्यांना गोदामात कोंडते, आजी आजारपणाचं नाटक करते. एकदा ठीक. दर वेळी तिसऱ्याच माणसाने जवळ आणलं, तर ही दोघं एकमेकांकडे स्वतःहून कधी येणार? प्रेक्षकाच्या मनात हा प्रश्न घर करतो, आणि लग्नाच्या एपिसोडपर्यंत तो तिथून हलत नाही.

कारण त्यांच्या दिनक्रमातून काढा. शेताला थ्री फेज लाइट पुष्कळदा रात्रीची असते. अजिंक्य मोटार चालू करायला रात्री दोनला बागेत जातो. मीनलची हंगामात रात्रपाळी असते. आता रात्री दोनचा फोन आपोआप शक्य झाला. पहिला फोन कामाचा: उद्या माल किती येणार, क्रेट किती पाठवू. दुसराही कामाचा. तिसऱ्या फोनला काम नसतं, आणि दोघांनाही ते माहीत असतं. इथे त्यांना कुणी ढकललेलं नाही, दोघं आपल्या पायांनी आलेत.

संबोधनही याच जागी सांभाळा. अजिंक्य तिला आधी "मॅडम" म्हणेल, "तुम्ही" म्हणेल. "तू"वर यायला त्याला वेळ लागेल, आणि तो ज्या दिवशी येईल तो दिवस म्हणजे अख्खा एपिसोड आहे. कित्येक पटकथांमध्ये ही एवढी मोठी घटना दोन सीनच्या मधल्या जागेत घडून जाते. ब्रेकच्या आधी "तुम्ही", ब्रेकनंतर "तू".

स्पर्शाचंही तसंच. आपल्या गावात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उडी मारायची. गोष्ट नाशिकची म्हणायची आणि धुळवडीला सोसायटीच्या आवारात गुलाल उडवायचा, असं केलं की इथला प्रेक्षक तिथेच सुटतो. आणि ज्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही खोटं गाव उभं केलंत, तो त्या गावातल्या प्रेमावर कसा विश्वास ठेवेल? रहाडीत सगळं शहर भिजलेलं असतं, एकमेकांना ढकललेलं असतं. तिथे हात धरायला पाय घसरावा लागत नाही.

भांडण दोघांचंच हवं

मला सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवावासा वाटतो, कारण नवी नाती सगळ्यांत जास्त इथेच मोडून पडतात. नेहमीचं भांडण गैरसमजाचं असतं. कुणीतरी फोटो काढतं, कुणीतरी चिठ्ठी लपवतं, तो तिला "मला वाटलं होतं तू वेगळी आहेस" म्हणतो आणि वीस एपिसोड अबोला. एक सरळ प्रश्न विचारला असता तर हे मिटलं असतं, हे घरातल्या शाळकरी मुलालाही कळतं. ज्यांना एकमेकांना एक प्रश्न विचारता येत नाही त्यांचं प्रेम आहे असं प्रेक्षकाने का मानावं?

दोघंही बरोबर असतील असं भांडण शोधा. आपल्या उदाहरणात ते तयारच आहे. निर्यातीच्या द्राक्षात औषधांचे अंश ठरलेल्या मर्यादेत लागतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरावीक दिवस सोडावे लागतात. काढणी जवळ आलीय, आणि वेलीवर भुरी हा रोग आला. फवारलं नाही तर बाग जाते, फवारलं तर प्लॉट निर्यातीतून बाहेर पडायची भीती. अजिंक्य फवारतो. त्या रात्री दोनच्या फोनवर तो तिला हे सांगतो, कारण हे बोलायला त्याच्याकडे दुसरं माणूस उरलेलं नाही.

आता सकाळी मीनलने काय करायचं? तिने गप्प राहायचं आणि उद्या अख्खा कंटेनर अडकला तर इतर शेतकऱ्यांचा मालही त्यात आहे. तिने सांगायचं तर त्याने विश्वासाने दिलेली गोष्ट तिने उघड केली. ती सांगते. त्याचा प्लॉट थांबतो, माल लोकल मार्केटला पडत्या भावात जातो.

यात भर घालायला नाना आहेत. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, आणि इथल्या बागायतदारांना त्याचा मोठा फटका बसला होता. नानांच्या घराने तो हंगाम सोसलेला आहे असं धरा. लॅबचा कागद घेऊन येणाऱ्या कुठल्याही माणसावर नानांचा विश्वास नसणं याला आता खलनायकी लागत नाही. आणि गंमत अशी की मीनलने जे केलं ते तसा हंगाम पुन्हा येऊ नये म्हणूनच केलं. नानांना हे कळायला पन्नास एपिसोड लागू देत. ते पन्नास एपिसोड बघायला मी स्वतः टीव्हीसमोर बसेन.

असल्या भांडणानंतर दोघं परत बोलतात तेव्हा माफीच्या लांबलचक संवादाची गरज राहत नाही. तो पुढच्या वर्षीची फवारणीची नोंदवही तिच्यापुढे ठेवतो. ती बघते आणि एका नोंदीवर बोट ठेवून विचारते, "ही तारीख बरोबर आहे?" संवाद इतकाच ठेवा.

घाई कुठे करायची, कुठे नाही

मालिकेकडे सिनेमाकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून माल काढेपर्यंत साधारण चार महिने जातात. आठवड्याला सहा एपिसोड धरले तर तेवढ्या काळात शंभरेक एपिसोड होतात. एपिसोड वीस-बावीस मिनिटांचा धरला तरी पस्तीस तासांच्या आसपास गोष्ट सांगायला मिळते. छाटणी, फुटवा, फुलोरा, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, काढणी: बागेच्या प्रत्येक टप्प्याला नात्याचा एक टप्पा बांधता येतो, आणि प्रेक्षकाच्या घरातही तेवढाच काळ गेलेला असतो. इतकी मोठी सोय हातात असताना तिसऱ्या आठवड्यात कबुली देऊन टाकणं मला खरंच पटत नाही.

पण समजा चॅनेलने महाएपिसोडची तारीख दिली आणि लग्न तीन आठवड्यांत लावायचंच आहे. मग लग्न लावा. घाई लग्नाची करा, प्रेमाची नको. आपला प्रेक्षक आधी लग्न आणि मग ओळख हे सहज मानतो, कारण त्याच्या घरातल्या दोन-तीन पिढ्यांनी तसंच केलेलं आहे. २०१२ साली झी मराठीवर आलेल्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घना आणि राधाचं लग्न आधी झालं, प्रेम नंतर, आणि लोकांनी ते अगदी आपलं म्हणून बघितलं. दोघांना लग्नाला होकार द्यायला आपापलं स्वतंत्र कारण असलं की पुरतं. तुमच्या पटकथेत ती दोन कारणं वेगवेगळी आणि स्पष्ट आहेत ना, एवढं तपासा. मंगलाष्टकांच्या आधी "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही" मात्र लिहू नका. अजून ते जगू शकतात, आणि प्रेक्षकाला ते दिसतंय.

आधीचं प्रेम किंवा आधीचं लग्न असेल तर

लीपनंतर, म्हणजे गोष्ट काही वर्षं पुढे नेल्यावर, नवा नायक येतो तेव्हा जुन्याला घाईने वाईट ठरवलं जातं. तो लबाड होता, त्याचं दुसरीकडे होतं, वगैरे. प्रेक्षकाने त्या माणसावर तीनशे एपिसोड जीव लावलेला असतो. तो खोटा होता असं सांगितलं की प्रेक्षकाला आपलीच फसवणूक झाल्यासारखं वाटतं, आणि त्याचा राग नव्या माणसावर निघतो. जुन्याला चांगलाच राहू द्या. नव्या माणसाने भिंतीवरच्या फोटोसमोर कसं वागायचं याचा एक सीन लिहा. त्याने फोटो पुसायचा की त्याच्याकडे बघायचं टाळायचं, यावर त्याची पारख होईल.

प्रौढ वयातल्या नात्याला हे जास्तच लागू पडतं. २०१९ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये आसावरी विधवा आहे, घरात सासरे आहेत, मोठा मुलगा आहे. तिच्या आयुष्यात येणारा अभिजित राजे शेफ आहे, आणि तिचं स्वतःचं आयुष्य स्वयंपाकघरात गेलेलं आहे. म्हणजे दोघांना बोलायला स्वतःचा एक विषय होता, प्रेमाचं नाव न घेताही. शिवाय या लग्नासाठी उभी राहिली ती सून, शुभ्रा. विरोध घरातून आणि पाठिंबाही घरातूनच, त्यामुळे ते नातं हवेत राहिलं नाही, त्याला घराच्या भिंती मिळाल्या. तुमच्या मालिकेत पन्नाशीतली जोडी असेल तर त्यांना आधी असा एक विषय द्या. बाग, भजनी मंडळ, हिशेबाची वही, काहीही.

चेहरेच जुळत नसतील तर

कधी कधी पटकथा नीट असते आणि दोन कलाकारांमध्ये काही घडतच नाही. लेखकाच्या हातात यावर थोडंच असतं, पण असतं. समोरासमोर उभं राहून डोळ्यांत बघायचे सीन कमी करा. दोघांना शेजारी बसवा आणि हाताला काम द्या: शेंगा सोलणं, पाकिटांवर पत्ते लिहिणं, बंद पडलेला मिक्सर उघडून बघणं. बोलणं कामाबद्दल ठेवा. हातात काम आलं की कलाकार अभिनय करायचं थांबवून वागायला लागतात.

एपिसोड आधीच दाखवून झाले असतील तर

ही अवस्था सगळ्यांत जास्त वेळा येते, कारण रात्री वन-लाइन येते आणि सकाळी सेट लागलेला असतो. प्रेम जाहीर झालंय, साखरपुडा झालाय, प्रेक्षक मानत नाहीत. नवे रोमँटिक सीन घालू नका. मागे जा. दाखवून झालेल्या एपिसोडमध्ये दोघांपैकी एकाने केलेली, कारण न दिलेली एखादी बारीक गोष्ट शोधा. तो एकदा उशिरा आला होता, तिने एकदा साडी बदलली होती, त्याने एका मीटिंगला नकार दिला होता, असं काहीही. आता त्या गोष्टीला दुसऱ्या व्यक्तीशी जोडलेलं कारण द्या आणि ते तिसऱ्याच माणसाकडून, सहज, दुसऱ्या कामाच्या ओघात बाहेर येऊ द्या. ड्रायव्हर बिल देताना म्हणतो, "त्या दिवशी साहेबांनी गाडी द्वारका चौकातून परत फिरवली होती ना, मॅडमचा डबा गाडीत राहिला होता म्हणून. त्याचं पेट्रोल धरलंय यात." नायिका तिथे उभी आहे, आणि तिला हे माहीत नव्हतं.

आधीचे वीस एपिसोड पुसता येत नाहीत, पण प्रेक्षक त्यांच्याकडे मागे वळून वेगळ्या नजरेने बघायला लागतो. अशी एक गोष्ट या आठवड्यात, दुसरी नायिकेच्या बाजूने पुढच्या आठवड्यात. दोन्ही लागल्याशिवाय लग्नाचा ट्रॅक उघडू नका, आणि चॅनेलने विचारलं तर या दोन सीनची पानं त्यांच्यापुढे ठेवा.